दोहोंतील जुना कोणता?

जरासंधाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांनी एकच फळ अर्धे अर्धे वाटून खाल्ले आणि दोघींच्या पोटी अर्धे अर्धे मूल जन्मास आले. ती निर्जीव शकले दासींनी चव्हाट्यावर नेऊन टाकली. तेथे जरा नावाच्या राक्षसीने ती सहज एकत्र धरली, तोच सांधा जुळला आणि मूल रडू लागले. पुढे भीमाने त्याला उभे चिरले तरी शकले पुन्हा जुळून येत. तेव्हा श्रीकृष्णाने गवताची एक काडी चिरून तिचे दोन भाग उलटसुलट दिशांना फेकले आणि भीमाने त्या खुणेचा अर्थ ओळखला, असे कथेकरी सांगतात. या कथेचे सारे मर्म एका गृहीतावर उभे आहे. अर्ध्याला स्वतःचे जीवन नसते. जीवन असते ते सांध्यात. अर्ध्यांना दूर ठेवा, म्हणजे काम आटोपले.

सृष्टीत मात्र असे प्राणी आहेत की त्यांच्यापुढे भीमाचा इलाज चालला नसता. गोड्या पाण्याच्या संथ ओढ्यात दगड उलटून पाहिला तर त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेला, एक-दीड सेंटिमीटर लांबीचा, करड्या तपकिरी रंगाचा एक चपटा किडा कधी कधी आढळतो. त्याला प्लॅनेरिया म्हणतात. डोके बाणाच्या टोकासारखे असून त्यावर दोन काळे ठिपके असतात. तेच त्याचे डोळे. ते किंचित तिरळे दिसतात, त्यामुळे हा क्षुद्र जीव आपल्याकडे जरा संशयाने पाहत आहे असा भास होतो. हा किडा मधोमध आडवा कापला तर पुढच्या भागाला नवी शेपटी फुटते, आणि मागच्या भागाला, ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, त्याला एक-दोन आठवड्यांत मेंदू व डोळे यांसह नवे डोके फुटते. दोन्ही शकले जितकी दूर ठेवाल तितकी ती सुखाने वाढतील. त्यांना एकमेकांची गरजच नाही.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. शेतात नांगराच्या फाळाने गांडूळ तुटले की त्याची दोन गांडुळे होतात असे पुष्कळांना वाटते. ते बहुधा खरे नाही. गांडुळाचा डोक्याकडचा भाग, तो पुरेसा लांब असेल तर, शेपटी पुन्हा वाढवून जगू शकतो. मागचा भाग काही काळ वळवळतो आणि मरतो. ‘किडा’ या एका शब्दाखाली आपण ज्या असंख्य जीवांची भरती करतो, त्यांत या शक्तीचे फार भिन्न प्रकार आढळतात. पूर्णत्वाने ती ज्यांच्याकडे आहे, त्यांत प्लॅनेरिया अग्रगण्य होय.

टॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1898 साली या किड्याचे लहान लहान तुकडे करून ही शक्ती कोठवर जाते ते पाहिले. मूळ शरीराच्या 1/279 एवढ्या अंशातूनही संपूर्ण किडा तयार होऊ शकतो, असा त्याच्या प्रयोगांचा निष्कर्ष आजही सांगितला जातो. अगदी आखूड आडवा तुकडा घेतला तर त्याच्या दोन्ही टोकांना डोकी येतात, असेही त्याला कधी कधी दिसले. 1901 साली त्याने पुनर्जननावर एक ग्रंथ लिहिला. पुढे हा विषय बाजूस ठेवून तो फळमाशीच्या अभ्यासाकडे वळला आणि आनुवंशिकतेवरील त्या कामासाठी त्याला 1933 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही किमया घडते कशी, हे आता बऱ्याच अंशी कळले आहे. प्लॅनेरियाच्या शरीरभर निओब्लास्ट नावाच्या लहान पेशी विखुरलेल्या असतात. त्याच्या अंगात विभाजन पावणाऱ्या पेशी एवढ्याच. जखम होताच तिच्या कडा आकुंचन पावून ती मिटते. मग या पेशींच्या संततीतून जखमेपाशी एक फिकट, पांढुरका कोंब दिसू लागतो आणि त्यातून हवा तो अवयव घडतो. येथे डोके हवे की शेपटी, हा निर्णय शरीरात पसरलेल्या रासायनिक संदेशांवर अवलंबून असतो. त्यांतील एक संदेश बंद पाडला तर शेपटीच्या जागीही डोकेच उगवते, हे 2008 साली सिद्ध झाले. शिवाय उरलेले जुने शरीरही तसेच राहत नाही. लहानशा तुकड्यातून लहानसाच, पण प्रमाणबद्ध किडा तयार होतो. शेपटीच्या तुकड्याला तर खाण्यासाठी घसाच नसतो. तो स्वतःचीच सामग्री मोडून नवी घडण उभारतो. कापडाचा तुकडा उरला म्हणून शिंप्याने ठिगळ लावावे तसा हा प्रकार नाही. उरलेल्या तुकड्यातच लहान मापाचा पुरा अंगरखा बेतावा, तसा आहे.

आरंभी ही नवी बाजू पांढरी आणि जुनी तपकिरी अशी स्पष्ट वेगळी दिसते. काही दिवसांनी पांढऱ्यात रंग भरतो. त्यानंतर सुरी कोठून फिरली होती, हे शोधूनही सापडत नाही. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

या प्राण्यांनी माणसाला पहिल्यांदा गोंधळात टाकले ते अठराव्या शतकात. अब्राहम ट्रेंबली हा जिनीव्हाचा तरुण हॉलंडमधील हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवण्यासाठी राहिला होता. 1740 साली तळ्यातील पाणवनस्पतींवर त्याला काही मिलिमीटर लांबीचे, हिरवे, धाग्यासारखे जीव दिसले. ते हालत, आकुंचन पावत. पण रंग तर झाडाचा! ही वनस्पती की प्राणी? ट्रेंबलीने एक साधी कसोटी योजिली. झाडाची फांदी तोडून लावली तर जगते. प्राण्याचे तसे नसते. म्हणून हा जीव कापून पाहावा. दोन्ही भाग जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी. त्याने कापले. दोन्ही भाग जगले, दोहोंचे दोन पूर्ण जीव झाले, आणि दोन्ही चालू लागले, भक्ष्य पकडून गिळू लागले! निसर्गाने प्रश्नाचे उत्तर दिले नाही. प्रश्नच मोडीत काढला. यालाच आपण आज हायड्रा म्हणतो. ग्रीक पुराणातील ज्या सर्पाचे एक मस्तक तोडले की दोन फुटत, त्याचे हे नाव. आपल्याकडील रक्तबीजाचा हा दूरचा भाऊच म्हणावयाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या जीवावर संशोधन झाले असून हायड्राच्या एका भारतीय वाणाच्या नावातच पुण्याचा समावेश आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

युरोपातील विद्वानांना त्या वेळी जो धक्का बसला तो केवळ प्राणिशास्त्राचा नव्हता. आत्मा अविभाज्य आहे, ही तेथील धर्माची आणि तत्त्वज्ञानाची दृढ समजूत. मग एका हायड्राचे दोन झाले तेव्हा दुसऱ्याचा आत्मा आला कोठून? ट्रेंबलीचाच आप्त शार्ल बोने हा गोड्या पाण्यातील किड्यांचे तुकडे करून असेच प्रयोग करीत होता, आणि तो स्वतः श्रद्धाळू असल्यामुळे हा प्रश्न त्याला फार छळी. उलट ला मेत्री या वैद्याने 1747 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणूस हे एक यंत्र आहे असे प्रतिपादिले, तेव्हा या पाण्यातल्या जीवाची साक्ष त्याला उपयोगी पडली. एकाच किड्याकडे बोट दाखवून एकाने देवाचे गूढ वाढले म्हणावे आणि दुसऱ्याने देवाची गरज संपली म्हणावे, असा तो प्रसंग होता.

आपल्याकडे जैन तत्त्वज्ञांनी जीवांची वर्गवारी फार बारकाईने केली आहे. कृमी हे त्यांच्या मते द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श व रुची एवढीच इंद्रिये असलेले. मुंगी तीन इंद्रियांची, भ्रमर चार, माणूस पाच. एका देहात एक जीव, हा कृमीपासून वरचा नियम. वनस्पतींत मात्र काही अशा की त्यांच्या एका देहात अनंत जीव एकत्र नांदतात. कंदमुळे या वर्गात येतात, आणि ती न खाण्याचा नेम कित्येक जैन घरांत आजही पाळला जातो. कापलेला तुकडा पुन्हा रुजतो, ही गोष्ट त्या विचारकांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. प्लॅनेरिया मात्र नेमका सीमेवर उभा राहतो. तो चालतो, चव घेतो, म्हणून कृमी. पण कंदासारखा तुकड्यातून रुजतो. ट्रेंबलीच्या कसोटीत न बसणारा जीव याही चौकटीत सहज बसत नाही.

आत्म्याचा वाद येथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांस त्याहून साधा प्रश्न पडतो. समोर दोन किडे आहेत, दोन्ही पूर्ण. काल एक होता. दोहोंतील जुना कोणता?

पहिले उत्तर सहज सुचते: डोके ज्याच्याकडे राहिले तो. माणसाच्या बाबतीत आपण असेच म्हणू. परंतु हाच प्राणी पुष्कळदा कोणी न कापता आपण होऊन दुभंगतो. मागचे टोक एखाद्या दगडाला घट्ट धरून ठेवतो, पुढचा भाग पुढे ताणला जातो, आणि शेवटी मधोमध तुटून दोघे वेगळे होतात. ही त्याची प्रजननाची नित्याची रीत. येथे आई कोण आणि अपत्य कोण, हे ठरवण्यास डोके हे प्रमाण मानावे तर का मानावे? मागल्या भागाने काही नवा जन्म घेतलेला नाही. तोही कालपासून तेथेच होता.

मग द्रव्य प्रमाण मानावे काय? ज्या शरीरात जुने कण अधिक तो जुना? 2011 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. किरणोत्सर्गाने एका प्लॅनेरियाच्या सर्व निओब्लास्ट पेशी मारून टाकल्या. असा किडा काही आठवड्यांत मरतो, कारण झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. त्याच्या अंगात दुसऱ्या किड्याची एकच, केवळ एक, निओब्लास्ट पेशी सोडली. किडा वाचला. त्या एका पेशीच्या संततीने हळूहळू सारे शरीर पुन्हा भरून काढले, आणि अखेर त्याची आनुवंशिक ओळख दात्याची झाली. आता हा वाचलेला किडा कोण? ज्याला वाचवले तो, की ज्याने वाचवले तो? क्षणभरही अस्तित्व न तुटता एकाचा दुसरा झाला.

राहता राहिली स्मृती. ज्याला कालचे आठवते तो कालचा, असे आपण निश्चिंतपणे म्हणतो. पण तेथेही हा किडा आपली निश्चिंती टिकू देत नाही. 1959 साली मिशिगन विद्यापीठातील जेम्स मॅकॉनेल व त्याच्या सहकाऱ्यांनी असा दावा केला की, प्रकाश व विजेचा धक्का यांच्या साहाय्याने ‘शिकवलेले’ किडे कापले असता डोक्याच्या भागालाच नव्हे, शेपटीच्या भागालाही तो धडा आठवतो. या प्रयोगांवर पुढे फार टीका झाली. शिकलेले किडे दुसऱ्यांना खाऊ घातले तर ज्ञानही पोटातून जाते, असा त्याचा पुढचा दावा तर टिकलाच नाही. विषय हास्यास्पद ठरला. परंतु 2013 साली टफ्ट्स विद्यापीठात नव्या, अधिक काटेकोर यंत्रसाधनांनी हा प्रश्न पुन्हा तपासला गेला. खडबडीत तळाच्या भांड्यात अन्न शोधण्याची सवय लावलेल्या किड्यांची डोकी कापली. नवी डोकी फुटल्यावर त्यांना एक लहानशी उजळणी दिली; तेव्हा न शिकवलेल्या किड्यांपेक्षा ते लवकर सरावले. म्हणजे नव्या मेंदूत जुन्या सवयीचा काही माग उरला होता. स्मृती जर अशी दोहोंत वाटली जाऊ शकते, तर तीही ‘जुना’ ठरवण्यास अपुरी.

तीनही कसोट्या अशा हातातून निसटल्या. याचा अर्थ आपले अज्ञान मोठे आहे असा नव्हे. किड्याविषयी जे जाणावयाचे ते सारे उद्या जाणले, तरी हा प्रश्न तसाच राहील असे आम्हांस वाटते.

तो का राहील, हे समजण्यास आपल्या वाचकांना दूर जावयास नको. सरकारी कचेरी पुरेशी आहे. पद हे प्लॅनेरियासारखेच असते. बदलीचा हुकूम येतो, डोके उडते. थोड्याच दिवसांत त्या जागी दुसरे डोके फुटते. चार्ज दिला-घेतल्याच्या कागदावर दोन सह्या होतात, दारावरची पाटी बदलते आणि कचेरी पूर्ववत चालू लागते. काही दिवस नवी बाजू पांढरी दिसते. मग तिच्यातही कचेरीचा रंग भरतो. पत्रे पदाच्या नावाने येतात, पदाच्या नावाने जातात. पद हे मरत नाही, आणि ते बरेच आहे. नाहीतर राज्यच चालले नसते. पण पाच वर्षांनी ऑडिटचा आक्षेप निघतो. अमुक खर्चाला मंजुरी का दिली, याचे उत्तर कचेरीतर्फे आजचा अधिकारी देतो, कारण तो त्या खुर्चीत आहे. परंतु त्या मंजुरीत कोणी लबाडी केली असेल, तर तो डाग खुर्चीला चिकटत नाही. तो त्या माणसामागे जातो, मग तो चार बदल्या ओलांडून देशाच्या दुसऱ्या टोकाला का गेला असेना. तेथे कोणी विचारीत नाही की, महाराज, आपल्या देहातले किती कण तेच आहेत? तांबड्या रक्तपेशी चार महिन्यांत बदलतात, हा बचाव कोणत्याही चौकशीपुढे चालत नाही.

एकाच माणसात येथे दोन प्रकारची सातत्ये दिसतात. एक आकाराचे सातत्य. ते पदाला आहे, किड्याला आहे, नदीला आहे. दुसरे उत्तरदायित्वाचे. ते फक्त त्याला आहे, ज्याला कोणी जाब विचारू शकते.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमके हेच विचारतो. नित्य आत्मा नसेल आणि पुढच्या जन्मी निराळाच देह उत्पन्न होत असेल, तर पापाचे फळ कोणी का भोगावे? नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. चोर म्हणतो, या गृहस्थाने लावले ते आंबे निराळे, मी नेले ते निराळे. मग मी अपराधी कसा? राजाला कबूल करावे लागते की तो अपराधीच, कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले. सोळाशे वर्षांहून अधिक काळानंतर, 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने दुसऱ्याच वाटेने जाऊन म्हटले की ‘व्यक्ती’ हा मुळात न्यायालयाच्या उपयोगाचा शब्द आहे. कृत्य आणि त्याचे श्रेय-अश्रेय कोणाकडे जावे, हे सांगण्यासाठी तो लागतो. लॉकने तो स्मृतीवर उभा केला आणि नागसेनाने कार्यकारणाच्या प्रवाहावर. पण दोघांच्याही पुढे प्रश्न होता तो जबाबदारीचा.

दोहोंतील जुना किडा कोणता, याला उत्तर नाही, कारण कोणी त्याची वाट पाहत नाही. त्याने कोणाला शब्द दिलेला नाही, कोणाचे देणे ठेवलेले नाही. दोहोंपैकी कोणीही जुना ठरला तरी जगात काही इकडचे तिकडे होत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ‘तो मीच’ हे केवळ जाणून घ्यावयाचे सत्य नसून अंगावर घ्यावयाचे ओझे आहे. ‘ते मी केले’ असे म्हणताना आपण स्वतःची ओळख शोधत नसतो; ती आपण धारण करीत असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा गंभीर आहे. ओळख जर जबाबदारी घेण्यावर उभी असेल, तर ज्याला काही आठवत नाही, ज्याला जाब देता येत नाही, त्याचे काय? वार्धक्यात स्मृतिभ्रंश झालेली आई मुलाला ओळखत नाही, त्याला परका समजून दूर सारते. ती आई राहिली नाही काय? हा प्रश्न ज्यांच्या घरात आला आहे त्यांना विचारावे. उत्तरदायित्वाला दोन टोके असतात. तिला जाब देता येत नसेल. पण आम्हांस तिच्याविषयी जाब द्यावयाचा असतो. तिच्या हातातला धागा सुटला तरी आमच्या हातातला सुटलेला नाही, आणि त्या धाग्याने ती अजून तीच आहे. मनुष्य एकट्याच्या बळावर ‘तोच’ राहत नाही; त्याला तो ठेवणारी माणसे असावी लागतात. हे ध्यानात आले म्हणजे जो एकटा पडतो त्याचे केवढे नुकसान होते, तेही ध्यानात येते.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. नोकरीत त्यांनी अकरा गावे पाहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली. भेटीला आलेल्या आप्तांपैकी कोणी तरी, चांगल्या हेतूनेच, म्हणाले, “काळ जाऊ द्या भाऊसाहेब, हळूहळू सगळे भरून येईल.” ते काही बोलले नाहीत. मंडळी गेल्यावर आम्हांस म्हणाले, “रिक्त जागा भरते ती कचेरीत. घरात जागा नसते हो, माणूस असतो.” पुढे मुलाच्या गावी जाण्यासाठी त्यांनी बिऱ्हाड हलवले. सामान बांधण्याचे काम आयुष्यभर पत्नीने केलेले. देवांचा डबा सर्वांच्या शेवटी बांधावयाचा आणि नव्या घरात सर्वांच्या आधी उघडावयाचा, हा तिचा नेम. हे त्यावर हसत असत. या वेळी त्यांनी तो डबा शेवटी बांधला, गाडीत स्वतःजवळ ठेवला आणि नव्या घरात पहिल्यांदा उघडला. “माझा विश्वास होता तेवढाच आहे,” ते म्हणाले, “पण दुसऱ्या कशाने सुरुवात करावी ते सुचेना.”

हे पुनर्जनन नव्हे. गेलेले काही परत उगवलेले नाही. माणसाच्या शरीरातही ही शक्ती थोडकीच उरली आहे. यकृताचा काही भाग काढला तर उरलेला वाढून ती उणीव भरून काढतो, लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक कधी कधी पुन्हा येते. पण तुटलेला हात येत नाही, मेंदूच्या पृष्ठभागातील बहुसंख्य चेतापेशी जन्मापासून मरणापर्यंत त्याच राहतात, आणि मोठी जखम भरते ती व्रण ठेवून. सॅलॅमँडरला पाय पुन्हा फुटतो, आम्हांस फुटत नाही, ही आमची न्यूनता आहे, यात शंका नाही. ज्याचा पाय गेला त्याला व्रणाचे तत्त्वज्ञान सांगणे हा निर्दयपणा होईल, आणि या किड्यांच्या अभ्यासातून उद्या एखाद्याच्या निकामी अवयवाला उजाळा मिळाला तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही. शरीराची उणीव भरून निघावी, अवश्य निघावी.

आमचे म्हणणे इतकेच की, माणसाची उणीव त्या रीतीने भरून निघावी अशी अपेक्षा करू नये. स्वतःकडून करू नये आणि दुःखिताकडून तर मुळीच करू नये. ‘अजून सावरला नाहीत?’ असे आपण विचारतो तेव्हा त्याच्याकडून आपण किड्याचे कर्तृत्व मागत असतो. सुरी कोठून फिरली ते दिसेनासे व्हावे, असे म्हणत असतो. किड्याला ते साधते, कारण त्याच्या तुकड्याला तुटलेल्या तुकड्याची आठवण ठेवण्याचे कारण नाही. ज्याची उणीव पुरती भरून येते, त्याने काही अनन्य असे गमावलेलेच नसते.

जरासंधाच्या नावाचा अर्थ ‘जरेने सांधलेला’ असा होतो. राजपुत्र, पुढे सम्राट झालेला पुरुष. पण नाव वागवतो ते एका राक्षसीचे, कारण दोन निरुपयोगी शकले तिने एकत्र धरली होती. तो ज्या सांध्याने जगला त्याच सांध्याने मेला, हेही कथा लपवीत नाही. प्लॅनेरिया स्वतःच स्वतःला पुरा करतो. म्हणून त्याच्या अंगावर खूण नाही आणि तो कोणाचा ऋणीही नाही. आपल्याला कोणी तरी जुळवलेले असते. म्हणून आपल्यावर सांध्याची रेघ राहते, तेथेच आपण दुबळे असतो, आणि ज्याने जुळवले त्याचे नाव आपण बाळगतो. भाऊसाहेबांच्या नव्या घरी आम्ही गेलो होतो, तेव्हा तो देवांचा डबा घासून पुसून कोनाड्यात ठेवलेला होता. पुढच्या वेळी बिऱ्हाड हलेल तेव्हा तो शेवटी बांधायचा, हे त्यांनी सुनेला सांगून ठेवले आहे.